फेरभेटीचं भाडं

२०१५ च्या उन्हाळ्यात मी एका कराराच्या मसुद्यातून एक ओळ काढून टाकली. ‘पर्यवेक्षकाची फेरभेट : प्रवास व दिवसभत्ता’ अशी ती ओळ होती. ती गेल्यामुळे कामाची एकूण रक्कम थोडी खाली आली, वरिष्ठांनी पाठ थोपटली आणि मी समाधानाने घरी गेलो. त्या ओळीची किंमत कुणाला तरी भरावी लागणार आहे, हे माझ्या मनातही आलं नाही. ज्यांनी ती भरली त्यांच्याविषयी मला लिहायचं आहे. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच नको म्हटलं आहे. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो.

मी राजगुरुनगरचा. आधीच्या पिढीच्या तोंडी अजून खेडच आहे. गावातल्याच कॉलेजात बी.कॉम. झालो आणि २००५ मध्ये चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, खरेदी विभागात चिकटलो. आमच्याकडच्या पोरांना तेव्हा तीच वाट जवळची होती. सकाळी नाशिक रस्त्यावर उभं राहायचं, मिळेल त्या गाडीनं चाकण गाठायचं आणि रात्री परत.

खरेदीचं काम मला मनापासून आवडायचं. तीन कोटेशनं मागवायची, त्यांचा तक्ता करायचा, त्याला आम्ही ‘कम्पॅरेटिव्ह’ म्हणायचो. सर्वांत कमी भाववाला तो एल-वन. त्याला बोलावून आणखी थोडं खाली आणायचं आणि पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, काढायची. माल आला की इनवर्डला तपासणी. बुश असेल तर त्याच्या भोकात प्लग गेज घालायचा. गेजचं एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. ज्या नगात दुसरं टोकही गेलं तो लाल पेटीत. त्या सहा वर्षांत माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली आणि तीच पुढे अंगलट आली. चांगलं-वाईट काय ते गेज सांगेल, घेताना आपण फक्त भाव बघायचा.

२०११ मध्ये मी पुण्यातल्या एका कंपनीत आलो. ‘आरोग्य अर्थशास्त्र’ हे शब्द मी मुलाखतीच्या आदल्या रात्री पहिल्यांदा वाचले. काम काय, हे समजायलाच वर्ष गेलं. इंग्लंडमध्ये १९९९ साली नाइस ही संस्था सुरू झाली. नवं औषध सरकारी आरोग्यसेवेत घ्यायचं का, हे ठरवताना त्या औषधाने गुण येतो का एवढ्यावर ती थांबत नाही. तेवढ्या पैशात माणसाला किती जास्त वर्षं मिळतात आणि ती वर्षं कशा अवस्थेत जातात, याचाही हिशेब ती मागते. पुढे बऱ्याच देशांनी असा हिशेब मागायला सुरुवात केली. मग औषध कंपन्यांना तो तयार करून देणारी माणसं लागू लागली. छापून आलेले शेकडो शोधनिबंध चाळून सार काढायचं, खर्चाचं गणिती मॉडेल बांधायचं, रुग्णांच्या घरी जाऊन खर्च विचारायचा. ही कामं बाहेर दिली जातात आणि त्यातली बरीच पुणे, हैदराबाद, गुरुग्राम इथे येतात. आमची कंपनी ती घ्यायची आणि गावोगाव हिंडून माहिती गोळा करण्याचा भाग पुन्हा दुसऱ्या संस्थेला द्यायची. ते देण्याचं काम माझ्याकडे होतं.

मी ते चाकणला करायचो तसंच केलं. तीन प्रस्ताव, कम्पॅरेटिव्ह, एल-वन. फरक एवढाच की आता नगाच्या जागी फॉर्म होता. ‘प्रति फॉर्म दर’ हा रकाना मीच सुरू केला आणि त्याचा मला अभिमान होता.

२०१५ चा अभ्यास पक्षाघाताचा होता. गावाकडे आपण लकवा म्हणतो. एका परदेशी औषध कंपनीला तिच्या मॉडेलमध्ये घालण्यासाठी भारतातल्या कुटुंबांवर पडणारा खर्च हवा होता. पुणे जिल्ह्यातल्या काही तालुक्यांत मिळून चारशे घरं, त्यात खेडही होतं. अभ्यासाच्या प्रमुख आमच्या डॉक्टर मॅडम. त्यांनी चौदा पानी प्रश्नावली केली होती. एल-वन संस्था म्हणाली, एवढ्या पानांना हा दर परवडत नाही. मी मॅडमकडे गेलो आणि पानं कमी करा म्हणून मागे लागलो. प्रश्नावली नऊ पानांवर आली. रुग्णाची देखभाल करणाऱ्या घरच्या माणसाची मजुरी किती बुडाली, हा प्रश्न त्या पाच पानांबरोबर गेला. काय जातंय ते मी वाचलंदेखील नव्हतं.

ताईंना मॅडमनी आणलं होतं. वाड्याच्या रस्त्यावर, चासच्या पुढे त्यांचं गाव. वीसेक वर्षं त्या निरनिराळ्या पाहण्यांमध्ये घरोघर फिरल्या होत्या, आधी फॉर्म भरणाऱ्या म्हणून, मग भरलेले तपासणाऱ्या म्हणून. आलेल्या फॉर्मांपैकी दर दहातल्या एका घरी पुन्हा जाऊन उत्तरं पडताळायची, असं मॅडमच्या मसुद्यात होतं. मी काढलेली ओळ तीच. माझं म्हणणं असं की फॉर्म पुण्यात येणारच आहेत, टेबलावर बसून तपासा. इनवर्डला आपण तेच तर करतो.

फॉर्म वेळेच्या आधी आले. मी खूष होतो. चौथ्या दिवशी ताई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

“साहेब, ह्या फॉर्मांत सगळ्यांचा खर्च झालाय, पण आजारी कुणी दिसत नाही.”

मला कळलं नाही. त्यांनी दहा-बारा फॉर्म पुढे पसरले. खर्चाचे आकडे सगळे हजारांत, गोल. प्रवासखर्च कुठे पाचशे, कुठे हजार, मधलं काहीच नाही. एका मुलाने एका दिवसात अकरा घरं केली होती. “लकवा झालेल्या माणसाच्या घरी गेलं तर पहिला अर्धा तास ते घर नुसतं बोलतं,” त्या म्हणाल्या. “अकरा घरं कशी होतील?” मी त्यांना म्हणालो की सगळे रकाने भरलेले आहेत, करारानुसार फॉर्म पूर्ण आहे, पेमेंट थांबवता येणार नाही. त्या काही बोलल्या नाहीत. फॉर्म नीट रचून घेऊन गेल्या.

आठ-दहा दिवसांनी त्यांचा फोन आला. “रविवारी मोकळे आहात का? वाड्याच्या गाडीनं जाऊन येऊ.”

जूनचा शेवट होता. राजगुरुनगर स्थानकातून सकाळची एसटी, मग चास, मग डाव्या अंगाला अधूनमधून दिसणारं धरणाचं पाणी, मग खाचरांमधली भाताची रोपं. माझ्याच तालुक्याच्या पश्चिम भागात मी त्याआधी भीमाशंकरला जाण्यापुरता गेलो होतो. डेहण्याच्या बाजूला एका फाट्यावर उतरलो आणि दोनेक किलोमीटर चाललो.

त्या घराचा फॉर्म ताईंच्या पिशवीत होता, पण त्यांनी तो बाहेर काढला नाही. पडवीत खाटेवर म्हातारबाबा, उजवी बाजू गेलेली. आजी चुलीपाशी. ताई आधी बाबांशी बोलल्या, चहा झाला, पावसाचं बोलणं झालं. मी घड्याळ बघत होतो. मग त्यांनी सहज विचारलं, “आजी, त्या रात्री गाडी कुणाची आणली होती?”

आजी सांगायला लागल्या. शेजाऱ्याची जीप. त्याने डिझेलचे घेतले, भाडं नाही घेतलं. आधी तालुक्याला नेलं, तिथून पिंपरीला मोठ्या दवाखान्यात.

“तिथं पैसे भरायला सांगितले असतील. कुणाकडून घेतले?”

इथे आजींनी हात पुसले आणि बोटं मोजायला सुरुवात केली. बहिणीच्या मुलाकडून दहा हजार. बचतगटातून पाच हजार, शेकडा दोन रुपये महिना व्याजाने. मुलाने ठेकेदाराकडून उचल घेतली ती सात हजार. म्हैस चाकणच्या बाजारात विकली. जावेने कानातलं दिलं, ते अजून सोडवलेलं नाही. एकही आकडा त्यांना आठवून बघावा लागला नाही. मग त्या उठल्या आणि खुंटीवरची प्लॅस्टिकची पिशवी ताईंच्या हातात दिली. आत औषधांच्या पावत्या, स्कॅनची पावती, डिस्चार्जचा कागद, आणि सगळ्यात खाली चारीत घडी घातलेलं एसटीच्या तिकिटांचं बंडल. डोंबिवलीहून दोनदा येऊन गेलेल्या मुलीने ती तिकिटं का कुणास ठाऊक ठेवून दिली होती.

ताईंनी लाल बांधणीची लांबट वही उघडली. किराणा दुकानात उधारीला असते तशी. डाव्या पानावर नावे, म्हणजे गेलेले पैसे : जीपचं डिझेल, स्कॅन, औषधं, दवाखान्यात राहिलेल्या दोघांचं जेवण, तिकिटं. उजव्या पानावर जमा, म्हणजे ते पैसे आले कुठून. दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळत नव्हत्या. जमा साडेआठ हजारांनी जास्त होती. म्हणजे आजी काही तरी खर्च विसरल्या होत्या. ताईंनी पुन्हा विचारलं नाही, नुसत्या थांबल्या. थोड्या वेळाने आजी म्हणाल्या, “मालिशवाला. अडीच महिने येत होता.” मग, “आणि पहिल्या दवाखान्यात भरलेले राहिले.” बेरजा अगदी काटेकोर नाही तरी जवळपास जुळल्या. तेव्हा ताईंनी पानाखाली दोन रेघा मारल्या.

परतताना फाट्यावर गाडीची वाट बघत बसलो असताना त्यांनी तो मूळ फॉर्म माझ्या हातात दिला. एकूण खर्च : वीस हजार. प्रवास : पाचशे. कर्ज : नाही. वहीत खर्च याच्या तिपटीहून जास्त होता.

“खर्च विसरतो माणूस,” ताई म्हणाल्या, “उसनवारी नाही विसरत.”

मी बी.कॉम. होतो. जमा आणि नावे या दोन बाजू मी तीन वर्षं परीक्षेत जुळवल्या होत्या. आजारपण मोजताना त्या उपयोगी पडतात, हे मला त्या फाट्यावर कळलं. पुढे वाचनात आलं की राष्ट्रीय नमुना पाहणीतसुद्धा दवाखान्याचा पैसा बचतीतून आला, कर्जातून आला, वस्तू विकून आला की नातेवाइकांकडून, हे विचारतात. तिथे दवाखान्यात राहून घेतलेल्या उपचारांचा खर्च मागच्या ३६५ दिवसांचा विचारतात आणि न राहता घेतलेल्या उपचारांचा १५ दिवसांचा, कारण लहान खर्च माणूस लवकर विसरतो. ताईंना पुस्तकातलं हे कुणी सांगितलं नव्हतं. घरं फिरून त्या तिथवर पोचल्या होत्या, आणि त्यांची पद्धत एक पाऊल पुढचीही होती. पैशाचा उगम त्या केवळ नोंदवायच्या नाहीत, त्यावरून खर्च पडताळायच्या. म्हशीचे पैसे खर्चात धरले तर तोच पैसा दोनदा मोजला जातो, हेही त्यांना ठाऊक होतं. म्हैस जमेलाच राहायची. “पण दूध गेलं त्याचं काय करायचं, ते मॅडमना विचारा,” त्या म्हणाल्या. मॅडमनी ते वेगळ्या रकान्यात नोंदवायला सांगितलं.

त्या घरातली आणखी एक गोष्ट मला सांगितली पाहिजे. निघताना अंगणात सून भेटली. चाकणला एका कंपनीत कंत्राटावर जायची, तीनशे रुपये हजेरीवर. सासऱ्यांना उठवणं-बसवणं, धुणं-पुसणं सासूच्याने होईना म्हणून फेब्रुवारीत नोकरी सुटली. वर्षभराचा हिशेब केला तर दवाखान्याच्या बिलापेक्षा तिची बुडालेली हजेरी जास्त भरली असती. आमच्या फॉर्मात तिला जागाच नव्हती. ती जागा मी पानं कमी करताना घालवली होती.

सोमवारी मी मॅडमना आणि वरिष्ठांना सगळं सांगितलं. नोकरी जाईल असं वाटलं होतं, गेली नाही. काम नव्याने करावं लागलं, मुदत वाढवून घ्यावी लागली आणि तोटा कंपनीने सोसला. ज्या संस्थेकडून काम करून घेतलं होतं तिच्यावर मी फार चिडलो होतो. अकरा घरं दाखवणाऱ्या त्या मुलावर तर विशेषच. मी ताईंपुढे त्याला नावं ठेवली, तेव्हा त्या पहिल्यांदा थोड्या कठोर झाल्या. “त्याला फॉर्ममागं पैसे होते, भाडं नव्हतं. अकरा भरल्याशिवाय त्याचा दिवस सुटत नव्हता. दर कुणी ठरवला?”

दर मी ठरवला होता.

त्यानंतर मी करार लिहायला शिकलो, आणि मला ते शिकवलं ताईंनी. मसुदा झाला की मी तो मॅडमकडे नेण्याआधी ताईंकडे नेऊ लागलो. त्या इंग्रजी वाचत नसत. मी एकेक कलम मराठीत सांगायचो आणि त्या विचारायच्या : पोरगी गावात रात्री अडकली तर राहील कुठे? घर बंद असलं तर दुसऱ्या फेरीचे पैसे आहेत का? भातलावणीत कोण घरी सापडणार? माणूस वारला असेल आणि घर रडत असेल, तर फॉर्म न भरता परत यायची मुभा आहे का? हा शेवटचा प्रश्न मी आजवर वाचलेल्या कुठल्याही परदेशी करारात पाहिलेला नाही. तेव्हापासून तो आमच्यात आहे.

प्रति फॉर्म दर मी बंद केला. त्याऐवजी कामाचे टप्पे केले : आधी पाच-दहा घरांवर प्रश्नावली वापरून बघायची, मग प्रशिक्षण, मग माहिती, मग फेरभेट, आणि प्रत्येक टप्प्याला पैसे. दोन लिफाफ्यांची पद्धत आणली. आधी काम कसं करणार याचा लिफाफा उघडायचा, त्याला गुण द्यायचे, आणि जे त्यात उतरतील त्यांच्याच भावाचा लिफाफा उघडायचा. सरकारी नियमांत सल्लासेवा घेण्यासाठी ही गुणवत्ता आणि किंमत दोन्ही तोलणारी पद्धत आधीपासून आहे, गुणवत्तेला ७० आणि किमतीला ३० असा भार बऱ्याच ठिकाणी देतात. मी ती नुसती वाचली होती. नऊ पानांचा तो फॉर्म पाहिल्यावर तिचा अर्थ लागला. बुश खराब आहे हे गेज लावल्यावर कळतं. पाहणीतला खोटा आकडा आणि खरा आकडा कागदावर अगदी सारखे दिसतात आणि एकदा बेरजेत गेले की कुणालाही वेगळे काढता येत नाहीत. म्हणून तिथे तपासणीचे पैसे आधीच मोजावे लागतात.

पुढे केव्हा तरी आपल्या भागात हे काम आधी कुणी कसं केलं, ते मी शोधून वाचू लागलो. डॉ. नोशिर अँटिया यांनी सुरू केलेल्या ‘फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ या संस्थेने जळगाव जिल्ह्यात कुटुंबांच्या आरोग्यखर्चाची पाहणी केली होती. रवी दुग्गल आणि सुचेता अमीन यांचा तो अहवाल १९८९ चा. सरकार खर्च करतं त्याच्या कितीतरी पट लोक स्वतःच्या खिशातून करतात, हे घरोघर जाऊन दाखवणाऱ्या देशातल्या सुरुवातीच्या अभ्यासांपैकी तो एक. आमच्या घरापासून फार लांब नाही, शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला, डॉ. बानू कोयाजी यांनी उभ्या केलेल्या, पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या ग्रामीण प्रकल्पात २००२ पासून बावीस गावांतली प्रत्येक घराची जन्म-मृत्यूची, येण्या-जाण्याची नोंद ठेवली जाते. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो छापून आला तेव्हा वाचलेल्या बाळांबरोबरच दर बाळामागचा खर्चही त्यात दिला होता : ५.३ डॉलर. तो आकडा मी बराच वेळ बघत बसलो होतो. त्याच्या मागे गावातली एखादी बाई कुठल्या तरी वहीत काय काय लिहीत असेल, हे आता मला दिसत होतं.

२०१६ च्या सुरुवातीला पक्षाघाताच्या अभ्यासाचं काम संपलं, तेव्हा मी ताईंना पुण्याच्या ऑफिसात बोलावलं. त्यांचा आकडा कुठे जातो ते त्यांना बघायचं होतं. मी संगणकावर मॉडेल उघडलं. रकान्यांमागून रकाने, त्यात एका कप्प्यात कुटुंबाचा सरासरी खर्च आणि त्याच्या खालच्या कप्प्यात देखभाल करणाऱ्याची बुडालेली मजुरी. तो प्रश्न दुसऱ्या वेळी आम्ही परत घातला होता. मी तो कप्पा निवडला, आकडा थोडा बदलला आणि शेवटचं उत्तर कसं हलतं ते त्यांना दाखवलं. त्यांनी तो आकडा पुन्हा होता तसा करायला लावला. मग बराच वेळ त्या पडद्याकडे बघत होत्या.

“म्हणजे ती आजींची सून ह्याच्यात आहे.”

“आहे.”

“आणि फॉर्म भरणाऱ्या पोरींची नावं कुठं लिहिता?”

मी म्हणालो की तशी पद्धत नाही. गिऱ्हाइकाच्या नमुन्यात तेवढी जागा नसते. ते खरं होतं, पण मी ती जागा कधी मागितलीही नव्हती. त्या अभ्यासाच्या अहवालात ती नावं गेली नाहीत. पुढच्या अहवालापासून मी मागायला लागलो आणि बहुतेक वेळा मिळाली. ताईंचं नाव घालायला गेलो तर त्या म्हणाल्या, माझं नको, पोरींची घाल. तोवर त्या मला अरे-तुरे करायला लागल्या होत्या.

२०१७ मध्ये केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची यंत्रणा उभी केली. कुठली तपासणी, कुठलं उपकरण, कुठले उपचार सरकारी पैशातून द्यावेत, याचा अभ्यास तिथे होतो. विषय सरकारी खात्यांकडून येतात, अभ्यास देशभरच्या संशोधन संस्थांमधली केंद्रं करतात, मुंबईतल्या आयसीएमआरच्या प्रजनन आरोग्याच्या संस्थेतही असं केंद्र आहे, आणि तज्ज्ञांची समिती अभ्यासाचा आराखडा आधी तपासते. काम सुरू व्हायच्या आधी पद्धत तपासायची आणि ज्याला ती जमते त्याच्या हातात काम द्यायचं, हे वाचताना मला बरं वाटलं. २०२१-२२ पर्यंतच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांमध्ये लोकांच्या खिशातून जाणाऱ्या खर्चाचा वाटा उतरताना दिसतो : २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के. ही चांगली बातमी आहे आणि मी ती चांगलीच मानतो. फक्त ते आकडे वाचताना मला दर वेळी डेहण्याकडचं ते अंगण आठवतं. सुनेची सुटलेली हजेरी त्या टक्क्यांत धरलेली नसते. ती मोजायची तर कुणाला तरी त्या घरी जाऊन थांबावं लागतं.

गुडघे दुखायला लागल्यावर ताईंनी फिरणं बंद केलं. २०२३ च्या दिवाळीत मी त्यांच्या घरी गेलो. नव्या अभ्यासासाठी नव्या मुलींना जमा-नावे शिकवायचं होतं, म्हणून त्यांची जुनी वही नमुन्याला मागितली. त्यांनी ट्रंकेतून काढून दिली. मी पानं चाळत मागच्या बाजूला गेलो. शेवटच्या दोन पानांवर घरांचा हिशेब नव्हता. डाव्या पानावर तारखा होत्या, २०१५ च्या जूनपासून ऑगस्टपर्यंतच्या. पुढे एसटी, पुढे वडाप, पुढे रक्कम. एका ठिकाणी ‘चालत’ असं लिहून रकमेच्या जागी शून्य. खाली बेरीज : १,१६४ रुपये.

तो रविवार त्यांची एकमेव फेरभेट होती, अशी माझी आठ वर्षं समजूत होती. मला तिथे नेण्याआधी आणि नंतरही त्या एकट्याच घरं फिरत होत्या. म्हणून तर फोन करायला त्यांना आठ-दहा दिवस लागले होते. आधी स्वतः खात्री करून घेतली होती. मी काढून टाकलेल्या ओळीचे पैसे त्यांनी भरले होते आणि आठ वर्षांत एका शब्दाने बोलल्या नव्हत्या.

पुढच्या रविवारी मी पाकिटात पैसे घालून पुन्हा गेलो. पायरीवर बसून त्यांनी ते मोजले.

“हे कंपनीचे का तुझे?”

“माझे.”

त्यांनी नोटा परत पाकिटात घातल्या आणि पाकीट माझ्या खिशात ठेवलं. “तुझे कशाला? तू दिलेस तर त्या कामाला किती खर्च आला, ते कागदावर कमीच राहणार. कामाचे आहेत ते कामातनं आण.”

मी अकाउंट्सला गेलो. २०१५-१६ ची पुस्तकं बंद झालेली, ऑडिट झालेलं, त्या प्रकल्पाचा कोडही आता नाही. तिथल्या मुलीने खरोखर प्रयत्न केला, पण वाट निघाली नाही. शेवटी मी वहीच्या त्या दोन पानांची झेरॉक्स काढली, करारातून कुठली ओळ कुणी आणि का काढली होती ते एका कागदावर लिहून सही केली आणि दोन्ही त्या अभ्यासाच्या जुन्या फाइलीला लावले. मूळ वही ताईंना परत नेऊन दिली.

त्यांनी ती उघडून शेवटचं पान एकदा बघितलं आणि ट्रंकेत ठेवली. उजव्या पानावर जमेच्या खाली काही नाही. त्या पानाखाली दोन रेघाही नाहीत.